मधल्या घरातली शेळी

वाघ-शेळीच्या डावात शेळ्यांनी सुरुवात कशी करायची, हे मला एका माणसानं शिकवलं आणि ते मी दुसऱ्या माणसाला सांगितलं. गोष्ट एवढीच आहे. खेळातली बाब, ती सांगितली म्हणून काय आभाळ कोसळलं, असं मी स्वतःला बरीच वर्षं म्हणत आलो. आता पन्नाशी उलटली, काका गेले, मला कुणी विचारील अशी भीती उरली नाही. मग कळलं, की कुणी विचारतच नव्हतं. मीच स्वतःच्या दारात उभा राहून वाट अडवली होती.

आमचं गाव पौडवरून मालेच्या पुढं, चढाला. गावाची सपाट जमीन आजोबांच्या काळात धरणाच्या पाण्याखाली गेली. आमच्या वाट्याला उताराची खाचरं आली आणि वर सडा. सडा म्हणजे डोंगरमाथ्यावरचा उघडा कातळ. पावसाळ्यात त्याच्या खोलगटीत कमरेएवढं गवत माजतं आणि दसऱ्याच्या सुमाराला पिवळं पडायला लागतं. सड्याच्या पलीकडच्या कडेला धनगरांची सात-आठ घरं होती. आम्ही त्याला नुसतं वाडा म्हणायचो. त्यांच्या शेळ्या, आमची भातं. पेरणीआधी त्यांचे कळप आमच्या खाचरांत बसायचे, लेंडीखत मिळायचं, त्याबदल्यात आम्ही त्यांना दाणे द्यायचो. सडा कागदावर कुणाच्या नावावर होता ते तेव्हा कुणी विचारत नव्हतं.

विचारायची गरज नव्हती, कारण एक रीत होती. सड्याच्या तोंडाशी शेंदूर लावलेला वाघोबा आहे. त्याच्या पुढ्यातल्या सपाट कातळावर वाघ-शेळीचा पट कोरलेला आहे, कुणी कोरला ते ठाऊक नाही. दसऱ्याला सोनं वाटून झालं की गाव आणि वाडा तिथं जमायचा आणि एक डाव व्हायचा. वाघ गावाचे, शेळ्या वाड्याच्या. हे कधी बदलायचं नाही. शेळ्या जिंकल्या तर दिवाळीपर्यंत सड्यावर वाड्याचे कळप चरायचे आणि मग उरलेलं गवत आम्ही कापायचो. वाघ जिंकले तर आम्ही आधी कापायचो आणि उरल्यात ते चारायचे. डोक्यावरून भारे वाहून माणूस कापून कापून किती कापणार? त्यामुळं कुणीही जिंकलं तरी दोघांचंही भागायचं. हरलेल्याची थट्टा व्हायची, वाड्यावरची बाया-माणसं गूळ-खोबरं वाटायची, आणि सगळे घरी जायचे.

ज्यांनी हा खेळ पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. पटावर पाच आडव्या आणि पाच उभ्या रेघा, त्यांना छेदणाऱ्या तिरक्या रेघा. जिथं रेघा मिळतात ते घर. चार कोपऱ्यांत चार वाघ, ते खापराचे तुकडे असत. शेळ्या वीस, त्या हिरड्याच्या बिया. शेळ्या एकेक करून मांडायच्या आणि दर शेळीमागं वाघानं एक चाल करायची. शेजारच्या शेळीवरून उडी मारून पलीकडच्या रिकाम्या घरात वाघ उतरला की ती शेळी खाल्ली. पाच खाल्ल्या की वाघ जिंकले. चारही वाघ हलता येणार नाही असे कोंडले की शेळ्या जिंकल्या. मुलांचा खेळ वाटतो. पण फौज आणि चार हत्यारबंद गडी समोरासमोर आले तर जे होतं तेच यात होतं, आणि सगळं पहिल्या चार-पाच शेळ्यांत ठरतं.

ती सुरुवात मला वाड्यावरच्या माझ्या मित्रानं शिकवली. तो माझ्याच वयाचा, लग्न झालेला, अंगानं काटक, बोलायला तिखट. मी मॅट्रिकला दोनदा बसून घरी आलो होतो, आणि काका मला कळप बसवायचं ठरवायला म्हणून वर पिटाळत. काम पाच मिनिटांचं असायचं. उरलेली दुपार आम्ही वाघोबापुढं पटावर बसायचो. मी वाघ घ्यायचो, तो शेळ्या. मी एकदाही जिंकलो नाही. चारी वाघ कोंडून झाले की तो तंबाखू मळत म्हणायचा, “तुझा वाघ म्हंजी आमच्या कुत्र्यापरीस गरीब हाय लेका. ह्येला भाकरी टाकू का?”

तो पहिली शेळी बरोबर मधल्या घरात मांडायचा. नीट पाहिलं तर हे वेडेपणाचं आहे. शहाणा माणूस पहिली शेळी काठावर मांडील, तिच्या पाठीशी दुसरी लावील, म्हणजे वाघाला उतरायला जागा राहत नाही. मधली एकटी शेळी चारही बाजूंनी उघडी. पण त्या शेळीला कुणी खात नसे. ती वाघोबाच्या नावाची. आमच्या भागात नवसाची शेळी सोडून देतात, ती कुणाच्याही रानात चरते, तिला हाकलत नाहीत, तसंच हे. तिच्यावर गावाचा हात उठत नसे. असा नियम कुणी सांगितलेला नव्हता, पण तसं कुणी केलेलंही नव्हतं.

आणि ती शेळी तिथं बसली, की तिच्याभोवतीच्या घरांतल्या शेळ्यांवरून वाघाला आत उडी मारता येत नाही. उतरायचं घर भरलेलं असतं. तो मग सावकाश तिच्याभोवती आतलं कडं भरत आणायचा, पुढं काठ भरायचा, आणि वाघ कोपऱ्यात गोळा व्हायचे. मला हे कळायला कितीतरी दुपारी गेल्या. कळलं तेव्हा मी म्हटलं, म्हणजे सगळा डाव या एका बीवर उभा आहे की. तो हसला. तेव्हाचं त्याचं बोलणं मला जसंच्या तसं आठवतं.

“व्हय. ही मरत न्हाई, म्हनून बाकीच्या जगत्यात.”

त्यानं ते लपवलं नाही. लपवण्यासारखं आहे असं त्याला वाटलंच नाही. त्याच्या बापानं त्याला तेवढंच शिकवलं होतं, बापाला त्याच्या बापानं. दुसरी सुरुवात त्याला येत नव्हती.

आता काकांविषयी. सारा गाव त्यांना हवालदार म्हणायचा. दुसऱ्या महायुद्धात ते इटलीपर्यंत जाऊन आले होते, मांडीत गोळीचा तुकडा घेऊन. माझे वडील लवकर गेले, काकांनी मला वाढवलं, खायला-ल्यायला काही कमी केलं नाही. पण माझ्याशी ते बोलत नसत. कामाचं तेवढं सांगत. दोनदा नापास झाल्यावर तेही दुसऱ्याकडून सांगू लागले. जेवताना मी समोर असलो तरी काकूला म्हणायचे, “त्याला सांग, बैलाला पानी दाव.”

पासष्ट सालच्या लढाईत काकांना पुन्हा तरतरी आली. गावात रेडिओ एकच, तो आमच्या ओसरीवर. बातम्यांच्या वेळेला ओसरी भरायची. काका जमिनीवर जोंधळ्याच्या दाण्यांनी आघाड्या मांडून दाखवायचे, इथं आपले रणगाडे, इथं त्यांचे. सगळे माना डोलवायचे. लढाई थांबल्याचं रेडिओवर सांगून झालं, पण ओसरीवर ती चालूच राहिली.

जे एक म्हातारे गृहस्थ दरवर्षी गावाकडून वाघ खेळत, ते त्याच पावसाळ्यात वारले होते. त्यांना हरण्याचं काही वाटत नसे, उलट हरल्यावर वाड्यावरचा गूळ ते सगळ्यांत आधी मागून घेत. आता वाघांवर कोण बसणार हे विचारायची गरजच पडली नाही. काका म्हणाले, मी बसतो. आणि त्याच वर्षी पाऊस नवरात्राच्या आधीच उघडला. गवत गुडघ्याच्या वर गेलं नाही. पुण्याचा एक गवताचा व्यापारी काकांना येऊन भेटला, म्हणाला, गोठ्यांना गवत नाही, तुम्ही कापून रस्त्याला आणा, मी ट्रक लावतो. याआधी ट्रक आमच्या बाजूला गवतासाठी कधी आला नव्हता. वाघ जिंकले तर सडा दिवाळीच्या आत साफ होणार आणि वाड्याच्या शेळ्यांना काही उरणार नाही, हे मला समजत होतं. सगळ्यांनाच समजत होतं.

दसऱ्याच्या दोन दिवस आधी, दुपारी, काका ओसरीवर एकटेच बसले होते. त्यांनी खडूनं पट काढला होता. मी अंगणातून जात होतो, तर मला हाक मारली. काकूला नाही, मला. जवळ बसवलं. म्हणाले, तू तिथं वर बसून असतोस, ते कसं मांडतात ते दाखव बरं.

मी दाखवलं. आणि त्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं, कारण मांडणी काय, ती दर दसऱ्याला सगळ्या गावानं पाहिलेली होती. पण काकांनी भुवया उंचावून विचारलं, मग ही फोडायची कुठं? त्यांच्या आवाजात मला कधी नव्हे ते बरोबरीचं काहीतरी ऐकू आलं. मी मधल्या बीवर बोट ठेवलं. म्हटलं, सगळं हिच्यावर आहे. हिला खाल्लं तर कडं आतून उघडं पडतं आणि त्याला दुसरी सुरुवात येत नाही.

काकांनी ती बी उचलून हातात घेतली. एवढं सोपं कुणाच्या ध्यानात आलं नाही, याचं त्यांना हसू येत होतं. मी चाचरत म्हणालो, पण काका, ती वाघोबाची असते. तेव्हा ते म्हणाले, “समोरचा हितं मारनार न्हाई असं धरून जो बसतो ना, त्योच मरतो. आमी इटलीत देवळाच्या शिखरावर तोफा डागल्यात लेका. तितं कुटं व्हता देव?” आणि माझ्या पाठीवर थाप मारली.

कुणी माझा गळा धरला नव्हता. मला काही देऊ केलं नव्हतं. पाठीवरच्या त्या थापेसाठी मी ते केलं, आणि त्या रात्री मला चांगली झोपही लागली.

दसऱ्याला ऊन लख्ख होतं. सड्यावर गाव जमला, वाडा जमला. माझा मित्र नवा फेटा बांधून आला होता. समोर काका, अंगात जुना लष्करी कोट. पोरं ओरडत होती की औंदा वाघ नाहीत, रणगाडे आहेत. मित्रानंही हसून उत्तर दिलं, “रणगाडा आसू दे न्हाईतर विमान, कोपऱ्यातच ऱ्हानार त्ये.” वाड्याच्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या.

त्यानं पहिली शेळी मधे मांडली. मांडताना नेहमीप्रमाणं वाघोबाकडं बघून कपाळाला हात लावला. काकांनी एक वाघ कोपऱ्यातून तिरका आत आणला, थेट तिच्या शेजारी. मी मागं उभा होतो. त्या क्षणी त्यानं दुसरी शेळी मधलीच्या पाठीमागं ठेवली असती तर ती वाचली असती. पण असं त्याच्या मनातही येणं शक्य नव्हतं. त्यानं दुसरी शेळी नेहमीच्या जागी ठेवली. काकांनी वाघ उचलला, मधलीवरून पलीकडं ठेवला, आणि बी उचलून कोटाच्या खिशात टाकली.

मित्र हात तसाच पुढं ठेवून पटाकडं बघत होता, जणू काकांचं चुकलं आहे आणि ते आत्ता दुरुस्त करतील.

मग तो म्हणाला, “हवालदार, ती वाघोबाची हाय.”

काका म्हणाले, “मग खाल्ली कुनी? वाघानंच ना?”

आमचा गाव हसला. आधी पोरं हसली, मग मोठी माणसं. मीही हसलो. हसलो नसतो तर उठून दिसलो असतो, असं मला तेव्हा वाटलं.

वाड्यावरचे जाणते पुढं होऊन भांडले असते तर कदाचित काही झालं असतं. पण भांडायचं कशावर? असा नियम नव्हताच. जे कुणी कधी केलं नाही त्याचा नियम कोण कशाला करून ठेवील? मित्राच्या बापानं मान खाली घातली आणि तो वाघोबाकडं पाठ करून बसला. मित्र खेळत राहिला. त्यानं तिसरी शेळी त्याच जुन्या जागी मांडली, चौथीही. मधलं घर रिकामं होतं आणि त्यातून वाघ इकडून तिकडं नाचत होते. पाच शेळ्या संपायला फार वेळ लागला नाही.

त्या दिवशी गूळ-खोबरं वाटलं गेलं नाही. उतरताना मित्रानं मला पायवाटेच्या वळणावर गाठलं. रागात नव्हता. गोंधळलेला होता.

“तू सांगितलंस व्हय?”

“न्हाई,” मी म्हणालो. “काका लढाईतलं मानूस. त्यांना दिसलं आपसूक.”

त्यानं माझ्याकडं पाहिलं आणि ते मानलं. म्हणाला, मग माझंच चुकलं, मी ती झाकायला पायजे व्हती. एवढं बोलून तो वर गेला. हे मला नंतर कितीदा आठवलं. डाव फोडला ते एक वेळ मी विसरलो असतो. पण मी ‘होय’ म्हणालो असतो, तर तो वाड्यावर जाऊन सांगू शकला असता की आपल्याशी दगा झाला. माझ्या ‘न्हाई’नं ते त्याच्या एकट्याच्या माथी बसलं. बापानं त्याच्याशी बोलणं सोडलं. वाड्यावरच्या बाया त्याच्या बायकोला पाण्यावर ऐकवू लागल्या की तुझ्या नवऱ्यानं सडा घालवला. हे सगळं मला दाणे पोचवायला गेल्यावर कळायचं. मी मान हलवायचो आणि परत यायचो.

दिवाळीच्या आत सडा बोडका झाला. ट्रकला भारे कमी पडतात म्हणून कडेची झुडपंही सरपणाला तोडली. वाड्याच्या शेळ्या काही दिवस उतारावर हिंडल्या, मग खंगायला लागल्या. पौडच्या बाजारात एकदम इतके कळप आले की खाटकांनी भाव पाडला. मित्रानं आपल्या सगळ्या शेळ्या दिल्या. तीन घरं वाडा सोडून गेली. पुढच्या पेरणीला आमच्या खाचरांत बसवायला कळप नव्हता आणि भात न वाढताच पिवळं पडलं. तेव्हा गावाच्या ध्यानात आलं की त्या एका ट्रकात आपण काय भरून दिलं. काकांनी तेही मानलं नाही. म्हणाले, आता खताच्या गोण्या मिळतात.

मित्र मजुरीला लागला. पुढच्या पावसाळ्याच्या शेवटी, खाचरांच्या बांधांवरचं गवत कापायला आमच्याकडंच आला. काकांनी ठेवून घेतला, गडी चांगला होता. एक दिवस भारे बांधताना काका मजुरांना त्या दसऱ्याची लढाई रंगवून सांगत होते. सांगता सांगता माझ्याकडं बोट करून म्हणाले, “ह्यानंच दावलं बरं का मला. तितंच मार म्हनाला. नापास पोरगं, पर डोकं हाय.”

आयुष्यात काकांनी चारचौघांत माझी केलेली ही एकच स्तुती.

मित्र भाऱ्याला दोर आवळत होता. त्यानं वर पाहिलं नाही. गाठ मारली, भारा बाजूला केला, दुसरा घेतला. दुपारी पाण्याचा तांब्या मी त्याच्यापुढं धरला, तर तो म्हणाला, “ऱ्हाऊ द्या. तुमी कशाला तरास घेताय, दादा.” तोवर मी त्याला कायम ‘तू’ होतो. त्यानंतर कधीच नाही.

त्या वर्षीचा दसरा आला तेव्हा वाड्यावरून डावाला कुणी आलं नाही. शेळ्या नव्हत्या, शेळ्यांच्या बाजूनं मांडणार कोण? गावातल्या काहींना वाटलं, यंदा राहू द्यावं. काका म्हणाले, रीत मोडायची नाही. कोट घालून ते वाघांच्या बाजूनं बसले आणि मला म्हणाले, “बस समोर.”

मी बसलो. हिरड्याच्या बिया माझ्यासमोर ओतल्या. भोवती गाव होता, आणि मागच्या बाजूला कापणीचे मजूर विळे घेऊन उभे होते, कारण डाव संपला की लगेच गवताला हात घालायचा होता. पहिली बी उचलली तेव्हा हात सवयीनं मधल्या घराकडं गेला. दोन बोटांवर घर होतं. तिथं ठेवली असती तर काका पुन्हा हसले असते आणि ती पुन्हा खिशात गेली असती. निदान मी ठेवली तरी असती. मी हात मागं घेतला आणि बी काठावर ठेवली, शहाणा माणूस ठेवील तिथं.

मागून मित्राचा आवाज आला, सगळ्यांना ऐकू जाईल असा मोठा नाही, मला ऐकू येईल एवढाच.

“आता बरूबर मांडलीत, दादा.”

मी मागं वळलो नाही. काकांनी वाघ हलवला, आणि मी दुसरी शेळी पहिलीच्या पाठीशी लावली.